बर्गरवाल्याची कॉफी, कॉफीवाल्याचं सँडविच

कॉफीबद्दल काय विचारायचं ते विचारा असं मागच्या अंकात लिहिलं होतं आणि तुम्ही मेलचा नुसता पाऊस पाडलात. त्यातल्या निम्म्याहून जास्त मेलचा सूर एकच, की हल्ली बर्गरवाला कॉफी विकतो, डोनटवाला कॉफी विकतो, पेट्रोल पंपावर पण मिळते, मग कॉफी शॉपवाले जास्त पैसे कशाचे घेतात आणि या सगळ्यांच्या मारामारीत आपला फायदा होतोय का तोटा. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. फिल्टर आणि चिकोरीवाल्यांनी रागावू नका, तुमचा नंबर पुढच्या महिन्यात.

ताई, नातवाला घेऊन स्टेशनजवळच्या मॅकडोनाल्ड्समध्ये जातो. आता तिथे कॅपुचिनो, लाटे असं काय काय मिळायला लागलंय. माझा साधा प्रश्न, बर्गरचा धंदा एवढा चांगला चालू असताना यांना कॉफीत पडायची गरज काय? (एक आजोबा, ठाणे)

काका, गरज घड्याळाची आहे. कुठल्याही हॉटेलवाल्याला विचारा, जागेचं भाडं, एसी, पोरांचे पगार हे सगळं दिवसभर चालू असतं पण गिऱ्हाईक येतं ते जेवायच्या दोन वेळांना. दुपारी तीन ते सहा काउंटरवर माश्या मारायच्या. चार वाजता कोणी बर्गर खात नाही, कॉफी मात्र घेतात, आणि कॉफी घेतली की सोबत एखादा मफिन नाहीतर फ्राइज जातातच. परत बर्गर माणूस पंधरा दिवसांतून एकदा खाईल, कॉफीची एकदा सवय लागली की रोज. धंदेवाल्याला रोजचं गिऱ्हाईक मिळालं की अजून काय पाहिजे.

आता गंमत बघा, ही मॅककॅफेची, म्हणजे मॅकडोनाल्ड्समधल्या कॉफी काउंटरची, आयडिया अमेरिकेतली नाहीच. पहिलं मॅककॅफे निघालं १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला. त्या शहरात दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीहून खूप लोक येऊन राहिले आणि येताना एस्प्रेसो, म्हणजे मशीनने दाबून काढलेली घट्ट कॉफी, पण घेऊन आले, त्यामुळे तिथल्या माणसाला पाणचट कॉफी चालत नाही. म्हणजे बर्गर कंपनीने जिथे कॉफीची परीक्षा सगळ्यात कडक तिथेच पेपर दिला. आणि याच ऑस्ट्रेलियात २००० साली स्टारबक्स मोठ्या थाटात गेलं आणि २००८ मध्ये ८४ पैकी ६१ दुकानं बंद करून बसलं, कारण तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर आधीच चांगली कॉफी मिळत होती. मग यांच्याकडे कोण जाणार?

आपल्याकडे स्टारबक्स टाटांच्या भागीदारीत आलं, पहिलं दुकान १९ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत हॉर्निमन सर्कलला, एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये. बरोबर वर्षाने, ऑक्टोबर २०१३ मध्ये, मुंबईतच सोबो सेंट्रल मॉलमध्ये भारतातलं पहिलं मॅककॅफे उघडलं. हा योगायोग होता असं कोणी म्हणालं तर माझा विश्वास बसणार नाही. स्टारबक्सने लोकांना सांगितलं की कॉफीला एवढे पैसे द्यायचे असतात, आणि मॅकडोनाल्ड्सने मागून येऊन सांगितलं की तीच आमच्याकडे स्वस्तात आहे. आधीच्याने बाजार तयार करायचा, मागच्याने त्यात दुकान लावायचं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या घरात दोन पक्ष आहेत, नवरा डंकिनवाला आणि मी स्टारबक्सवाली, आणि मुलगा म्हणतो मॅकडोनाल्ड्सची पण काही वाईट नाही. इथलं हे भांडण नक्की कधी सुरू झालं आणि जिंकलं कोण? (एक वाचक, एडिसन)

तुमच्या घरातलं भांडण तिथल्या ईस्ट कोस्टवरच्या निम्म्या घरांत असेल. डंकिन, म्हणजे पूर्वीचं डंकिन डोनट्स, मूळचं मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीचं, १९५० पासून, म्हणजे स्टारबक्सपेक्षा वीसेक वर्षांनी मोठं. स्टारबक्सचं पहिलं दुकान १९७१ चं, सिएटलमधलं, आणि सुरुवातीला तिथे फक्त भाजलेल्या बिया मिळायच्या, बसून कप प्यायची सोय नव्हती. पुढे हॉवर्ड शुल्ट्झ कंपनीत आला, १९८३ मध्ये मिलानला गेला, तिथले एस्प्रेसो बार बघून वेडा झाला, मालकांना पटेना म्हणून बाहेर पडून स्वतःचं सुरू केलं आणि १९८७ मध्ये स्टारबक्सच विकत घेतलं. तिथून पुढचं तुम्हाला माहितीये.

खरी जुंपली ती २००६ ते २००९ मध्ये. मॅकडोनाल्ड्सने आधी साधी ड्रिप कॉफी सुधारली, बिया बदलल्या. मग २००७ च्या सुरुवातीला कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांच्या मासिकाने चार साखळ्यांची साधी काळी कॉफी चाखून बघितली, मॅकडोनाल्ड्स, स्टारबक्स, डंकिन आणि बर्गर किंग, आणि पहिला नंबर दिला मॅकडोनाल्ड्सला. स्टारबक्सची स्ट्राँग आहे पण जळकी आणि कडू लागते असा त्यांचा शेरा होता. ही चाचणी काळ्या कॉफीची होती बरं का, लाटेची नाही. लोक ही गोष्ट सांगताना तेवढं नेमकं विसरतात.

त्याच फेब्रुवारीत शुल्ट्झने आपल्याच साहेब लोकांना लिहिलेलं एक पत्र बाहेर फुटलं. मला या सगळ्या लढाईत तेच सगळ्यात आवडतं. तो म्हणतो आपण भराभर दुकानं काढायच्या नादात ऑटोमॅटिक मशीन आणली, काम झटपट होतं हे खरं पण मशीन एवढी उंच की गिऱ्हाईकाला बरिस्ता म्हणजे कॉफी करणारा दिसत नाही, कॉफी करताना बघायची मजाच गेली, आणि बिया बंद पाकिटातून यायला लागल्या म्हणून दुकानात वासही येत नाही. थोडक्यात मालक स्वतःच म्हणतोय की आपण फास्ट फूडवाल्यासारखे झालो. जानेवारी २००८ मध्ये तो परत सीईओ झाला आणि त्याने नाश्त्याची गरम सँडविच बंद करायचं ठरवलं, का तर त्यातलं चीज ओव्हनमध्ये करपायचं आणि अख्ख्या दुकानात कॉफीच्या वासाऐवजी करपलेल्या चीजचा वास. पण ती सँडविच खपत होती हो! मग त्याच वर्षी चीज बदलून, कमी तापमानावर भाजून परत आणली. तत्त्व आणि गल्ला समोरासमोर आले की काय होतं ते तुम्हीच बघा.

२६ फेब्रुवारी २००८ ला स्टारबक्सने अमेरिकेतली सुमारे ७,१०० दुकानं संध्याकाळी तीनेक तास बंद ठेवली, एस्प्रेसो कसा काढायचा ते सगळ्या पोरांना नव्याने शिकवायला. डंकिनने काय करावं? त्याच दिवशी दुपारपासून लहान लाटे नि कॅपुचिनो ९९ सेंटला लावला, या आमच्याकडे, आमचं दुकान उघडंय. आणि त्याच वर्षाच्या शेवटी मॅकडोनाल्ड्सने स्टारबक्सच्या गावात, सिएटलजवळ, मोठाले होर्डिंग लावले, की कॉफीला चार डॉलर म्हणजे मूर्खपणा. मे २००९ मध्ये मॅककॅफे सगळ्या अमेरिकेत आलं. मंदीचे दिवस होते, त्यामुळे असल्या जाहिराती लोकांना बरोबर लागायच्या.

आता जिंकलं कोण. माझं मत विचाराल तर कोणीच एकमेकाला बुडवलं नाही, सगळे हळूहळू एकमेकांसारखे झाले. डंकिनने २०१९ पासून नावातून डोनट्स काढून टाकलं. स्टारबक्सचं पहिलं ड्राइव्ह-थ्रू १९९४ चं, आणि आज अमेरिकेत त्यांचा मोठा धंदा गाडीतूनच किंवा अ‍ॅपवरून होतो. त्यांना गिऱ्हाईक परत आत बसवायचं होतं म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये नवा सीईओ आणला तो कोण, तर ब्रायन निकोल, चिपोटले या फास्ट फूड साखळीचा, त्याच्या आधी टाको बेलचा. कॉफीवाल्यांना फास्ट फूडचा माणूस आणावा लागला! त्याने आल्यावर काय केलं तर बसून पिणाऱ्यांना चिनी मातीचे मग, कपावर हाताने नाव, ओट मिल्कचे जादा पैसे रद्द. उलट बाजूने मॅकडोनाल्ड्सने डिसेंबर २०२३ मध्ये कॉझमॅक्स नावाचं नुसतं पेयांचं दुकान इलिनॉयला काढून बघितलं, लोकांनी पहिले काही दिवस रांगा लावल्या, २०२५ मध्ये गुंडाळलं आणि त्यातली पेयं आपल्या नेहमीच्या दुकानात घालून बघू म्हणाले. नुसती पेयं विकणं त्यांना जमलं नाही आणि नुसती कॉफी विकणं स्टारबक्सला परवडत नाही, तेव्हा तुम्ही दोघं खुशाल भांडत बसा.

हाय ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. एका कॅफेत कॅपुचिनोचं बिल ३२० आलं आणि बाहेर अमृततुल्यला चहा दहा-पंधरा रुपयांत. कॉफीत एवढं असतं तरी काय? आणि एक कॉफी घेऊन चार तास बसलं तर चालतं का, वेटर सारखा बघत होता. (थर्ड इयर, कोथरूड)

अरे, कपात काय असतं त्याचा हिशोब आधी करू. डबल शॉटला, म्हणजे दोन माप एस्प्रेसोला, साधारण १८ ग्रॅम पूड लागते. चांगल्या भाजलेल्या बिया कॅफेवाल्याला हजार-बाराशे रुपये किलोने पडतात असं धरलं तर झाले अठरा ते बावीस रुपये. दीड-दोनशे मिली दूध, दहा-चौदा रुपये. कप, झाकण, साखर, टिश्यू मिळून अजून आठ-दहा. म्हणजे पन्नासच्या आत आलं सगळं. हा माझा कागदावरचा अंदाज आहे, प्रत्येकाचा भाव वेगळा. त्यात २०२५ च्या सुरुवातीला अरेबिका जातीच्या कॉफीचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात पाउंडाला चार डॉलरच्या वर गेला होता, पण तरी कपामागे त्याने फार तर काही रुपयांचा फरक पडतो, शंभरचा नाही.

बाकीचे २७० कुठे गेले? थोडा जीएसटी, ५ टक्के, आणि उरलेले तुझ्या खुर्चीत. तू बसलास ती खुर्ची, प्लग पॉइंट, वायफाय, एसी, बाथरूम, आणि एफसी रोड नाहीतर कोरेगाव पार्कचं भाडं. चहाच्या टपरीवर माणूस उभ्या उभ्या दोन मिनिटांत ग्लास खाली ठेवतो, तेवढ्याच जागेत तासाला तीस गिऱ्हाईकं होतात. कॅफेत एका खुर्चीवर तासाला एक पण होत नाही, तुझ्यासारखा असला तर चार तासांत एक. म्हणजे वेटर उगाच बघत नव्हता.

बर्गरवाल्यांचं बिल कमी येतं त्याचं पण हेच कारण, त्यांच्या जागेचं भाडं बर्गरने आधीच काढलेलं असतं, कॉफी म्हणजे वरकमाई. शिवाय त्यांच्या खुर्च्या तू नीट बघ, पाठ टेकून तासभर बसवतच नाही, दिवे पांढरेफक्क. हे मुद्दाम असतं. सोफा, पिवळा दिवा, हळू गाणी म्हणजे बस बाबा. कडक खुर्ची म्हणजे खा आणि ऊठ.

भारतात हे तीनशेचं गणित सगळ्यांना झेपत नाही हे स्टारबक्सला पण कळलंय. २०२३ मध्ये त्यांनी पिको नावाचा छोटा कप काढला, सहा औंसांचा, १८५ रुपयांपासून, आणि जोडीला मिल्कशेक, मसाला चहा, साउथची फिल्टर कॉफी. अमेरिकन कंपनीने मुंबईत वेलचीचा चहा विकायचा म्हणजे लढाई नक्की कुणाशी आहे ते त्यांना बरोबर समजलंय, मॅककॅफेशी नाही, टपरीशी.

चार तास बसायचं तर दुपारी तीन ते पाच जा, तेव्हा टेबलं रिकामी असतात. दीड-दोन तासांनी काहीतरी अजून मागव, सगळ्यात स्वस्त असलं तरी चालेल. शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसू नकोस. आणि नुसती कोल्ड कॉफी प्यायची असली तर तू कोथरूडला राहतोस, कॅफे दुर्गा तुला मी सांगायला पाहिजे का?

बर्गरच्या दुकानातली कॉफी आणि कॉफी शॉपमधली, दोन्हींत खरंच फरक असतो का नुसता नावाचा? मला तर डोळे मिटून दिली तर कळणार नाही. (वाशी)

दूध-साखर घालून दिली तर बऱ्याच जणांना कळणार नाही, लाजायचं कारण नाही. लाटेत तीन-चतुर्थांशाहून जास्त दूधच असतं. फरक बघायचा तर चवीच्या आधी काउंटर बघा. बर्गरवाल्याकडे बहुतेक वेळा बटणाचं मशीन असतं, वर बियांचा डबा, पोरगी बटण दाबते, आत बिया दळल्या जातात, शॉट पडतो, दूधही मशीनच फेसवतं, आणि तोवर ती तुमच्या फ्राइज भरते. साध्या भाषेत सांगायचं तर मशीन हुशार, माणूस मोकळा. लहान रोस्टरवाल्या, म्हणजे बिया स्वतः भाजणाऱ्या, कॅफेत, ब्लू टोकाई म्हणा नाहीतर अजून कोणी, बरिस्ता हॅन्डलमध्ये पूड भरतो, वजन करतो, दाबतो, आणि शॉट किती सेकंदांत पडतोय ते बघतो, साधारण पंचवीस ते तीस सेकंद. फार भरकन पडला की आंबट आणि पाणीदार, फार हळू पडला की कडू. दूध फेसवताना कानाने पण कळतं, आधी कागद फाटल्यासारखा आवाज आणि मग शांत गरगर. तो फाटल्यासारखा आवाज शेवटपर्यंत चालू राहिला तर वर मोठे बुडबुडे आले समजा आणि कॅपुचिनोच्या जागी साबणाचा फेस.

मग चांगली कुठली? हातची कॉफी पोरगा हुशार असला तर मशीनच्या कितीतरी वर, आणि नवखा असला तर कितीतरी खाली. मशीनची कॉफी बोरिवलीत जशी तशीच पनवेलला. प्रवासात मी मशीनवाली घेते, निवांत असले तर हातवाली. आणि फरक खरंच चाखायचा असेल तर एकदा दोन्हीकडे अमेरिकानो, म्हणजे एस्प्रेसोत नुसतं गरम पाणी, मागवा, बिनसाखरेचा. दुधाचं पांघरूण काढलं की मग बिया बोलतात.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत सीसीडी म्हणजे सीसीडी. पहिली डेट, पहिली नोकरीची पार्टी सगळं तिथेच. आता आमच्या भागातलं बंद झालं. या परदेशी कंपन्यांनी खाल्लं का त्यांना? (नागपूर)

परदेशी कंपन्यांनी जागा घेतली पण खाल्लं ते कर्जाने. कॅफे कॉफी डे १९९६ मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर सुरू झालं, तेव्हा ते इंटरनेट कॅफे पण होतं. मालक व्ही. जी. सिद्धार्थ यांचं घराणं चिकमगळूरचं, कॉफीच्या मळ्यांचं, त्यामुळे बी पण त्यांचं, भाजणं त्यांचं, कप त्यांचा. असं शेतापासून टेबलापर्यंतचं गणित बाकी कुणाकडे नव्हतं. पण दुकानं भराभर वाढली आणि पैसा कॉफीशिवाय इतर बऱ्याच गोष्टींत अडकला, टेक पार्क काय, गुंतवणुकी काय, हजारो कोटींचं कर्ज झालं. जुलै २०१९ मध्ये मंगळुरूजवळ नेत्रावती नदीत सिद्धार्थ यांचा मृतदेह सापडला. त्यानंतर त्यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनी कंपनी हातात घेतली, मालमत्ता विकून कर्ज बरंच उतरवलं, तोट्यातली दुकानं बंद केली. २०१९ ला सतराशेच्या वर कॅफे होते, २०२४ मध्ये साडेचारशेच्या आसपास उरले. मधे कोविड पण होता हे विसरू नका.

स्पर्धेचं म्हणाल तर सीसीडी मधल्या मधे सापडलं. वरच्या बाजूला स्टारबक्स आणि नंतर थर्ड वेव्ह, ब्लू टोकाई, टिम हॉर्टन्स (२०२२ पासून), प्रेट (२०२३ पासून, मुंबईत बीकेसीला), आणि खालच्या बाजूला मॅककॅफे. ज्याला भारी कॉफी पाहिजे तो वर गेला, ज्याला स्वस्त पाहिजे तो खाली. तरी एक सांगते, तुमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत लाल-पांढरं कॉफी डेचं मशीन असेल तर तो धंदा अजून चालू आहे.

नमस्कार ताई. हायवेला लागून कॉलेजजवळ माझा गाळा आहे, दहा बाय बारा. कॉफीचं छोटं दुकान टाकायचा विचार आहे पण घरचे म्हणतात उद्या तिथे मोठी कंपनी आली तर तुझं काय. टाकू का नको? (कोल्हापूर जिल्हा)

दादा, टाका किंवा नको हे मी तुमचा गाळा न बघता सांगणार नाही, पण घरच्यांची भीती जरा उलटी आहे. मोठी कंपनी आली की बऱ्याचदा छोट्याचं गिऱ्हाईक वाढतं, कारण ती कंपनी लाखो रुपये घालून लोकांना सवय लावते आणि मग त्यातले काही जण म्हणतात रोज एवढे कोण देणार, शेजारी साठ रुपयांत चांगली मिळते. ऑस्ट्रेलियाचं वर सांगितलंच.

भीती दुसऱ्या गोष्टीची धरा, भावयुद्धाची. चीनमध्ये काय झालं बघा. लकिन कॉफी २०१७ मध्ये निघाली, बसायला जागा जवळपास नाहीच, अ‍ॅपवर ऑर्डर करा आणि उचलून न्या. २०२० मध्ये विक्रीचे खोटे आकडे दाखवल्याचं उघड झालं, अमेरिकेच्या शेअर बाजारातून हाकलली गेली, लोकांना वाटलं संपली. तिथून उठली आणि २०२३ मध्ये चीनमधल्या विक्रीत स्टारबक्सच्या पुढे गेली, कप ९.९ युआनला. तिच्या जुन्या साहेबांनी काढलेली कोटी नावाची कंपनी समोर उभी राहिली आणि दोघी भाव पाडत बसल्या. अशा मारामारीत सापडलेल्या छोट्या दुकानदाराचं मरण होतं, कारण त्याच्या मागे गुंतवणूकदार नसतो. तेव्हा स्वस्त विकून मोठ्याला हरवायचा विचार स्वप्नात पण आणू नका.

दहा बाय बाराच्या गाळ्यात खुर्च्यांचं भांडणच नको, उभ्याने प्यायचं काउंटर आणि बाहेर दोन बाक, बास. मेनू छोटा ठेवा, गरम कॉफी, कोल्ड कॉफी, फिल्टर कॉफी. पहिल्या वर्षी कोल्ड कॉफीच तुमचं भाडं काढेल बघा, कॉलेजच्या पोरांना तीच लागते, आणि कोल्हापूरच्या दुधाची कोल्ड कॉफी म्हणजे मोठ्या कंपन्यांना पण जमायची नाही. मशीन आधीच लाखोंचं घेऊ नका, सेकंड हँड बघा किंवा फिल्टरवर सुरू करा. मशीन घ्यायचं ठरलंच तर आधी दुरुस्तीवाला किती लांबून येतो ते विचारा, पुण्याहून येणार असेल तर बंद पडलेले दोन-तीन दिवस धंद्यात धरून चाला. पाण्याचा फिल्टर बसवाच, जड पाण्याने बॉयलरमध्ये खवले धरतात आणि मशीन वर्षात बसतं. अन्न सुरक्षेचं, एफएसएसएआयचं, रजिस्ट्रेशन आधी काढा. बिया कर्नाटकातून थेट मागवता येतात, देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी तिथेच पिकते आणि तुम्ही तर सीमेवरच बसलाय. ताज्या भाजलेल्या, थोड्या थोड्या मागवा, महिन्याचा साठा भरून ठेवू नका.

आणि परीक्षा संपल्यावर कॉलेज दीड-दोन महिने बंद असतं, ते हिशोबात धरा. त्या दिवसांत हायवेचं गिऱ्हाईक थांबणार का, गाडी लावायला जागा आहे का, हे आत्ता उन्हाळ्यात चार दुपारी स्वतः उभं राहून मोजा. गाडी लावायला जागा नसेल तर मी म्हणेन दुसरा गाळा बघा.

सगळ्या कॅफेंची अ‍ॅप झाली आहेत. वॉलेटमध्ये आधी पैसे भरा, मग स्टार, पॉइंट, फुकट कप. घ्यावं का? (मडगाव)

रोज जात असाल तर घ्या, नाहीतर नको. तुम्ही वॉलेटमध्ये हजार रुपये भरता म्हणजे कंपनीला बिनव्याजी हजार रुपये उसने देता. स्टारबक्सकडे जगभरात असे कार्डांत नि अ‍ॅपमध्ये पडून असलेले पैसे अब्जाहून जास्त डॉलर आहेत, आणि त्यातले काही लोक कधी वापरतच नाहीत ते कंपनीच्या उत्पन्नात जातात. फास्ट फूडवाल्यांची अ‍ॅप बहुतेक वॉलेटपेक्षा कूपनवर चालतात, बर्गरवर कॉफी अर्ध्या भावात वगैरे, त्यात पैसे अडकत नाहीत पण नको असलेला बर्गर पोटात जातो. ब्रिटनमध्ये प्रेटने २०२० मध्ये महिन्याला २० पाउंडात दिवसाला पाच कॉफीची स्कीम काढली होती, लोकांनी एवढी वापरली की २०२४ मध्ये बदलावी लागली. तशी स्कीम गोव्यात कोणी काढली तर मला कळवा, मी येते.

मुलगा बारावीला आहे, क्लासच्या खाली कॉफी शॉप आणि समोर बर्गरवाला, दिवसाला तीन-तीन कॉफ्या होतात म्हणे. सासूबाई म्हणतात बंद करा. किती चालते? (डोंबिवली)

निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत चालतं असं साधारण धरतात, गरोदर बाईला २००. वयात येणाऱ्या मुलांना त्याहून बरंच कमी ठेवावं. एका एस्प्रेसो शॉटमध्ये साठ-पासष्ट मिलिग्रॅम असतं, आणि मोठ्या कपातल्या कॅपुचिनोत बहुतेक दोन शॉट. म्हणजे तीन कप म्हणजे पावणेचारशेच्या घरात, मोठ्या माणसालाही काठावर, बारावीच्या मुलाला जास्तच. घरचा चहा पण त्यातच मोजायचा, कपाला तीस-चाळीस तरी धरा. सासूबाईंची बाजू बरोबर आहे, पण एकदम बंद केलीत तर दोन-तीन दिवस डोकं दुखेल आणि पोरगं चिडचिड करेल, ते पण परीक्षेच्या तोंडावर. हळूहळू एकावर आणा, ती पण दुपारी चारच्या आत. बाकीच्या दोन वेळेला डीकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी, मिळते का विचारायला सांगा, काही मोठ्या कॉफी शॉपमध्ये असते. आणि कॉफीपेक्षा सिरप-क्रीमवाल्या मोठ्या कपातली साखर एकदा बघा, बऱ्याच साखळ्या साइटवर किंवा मेनूवर कॅलरी लिहितात. झोप लागत नाही, छाती धडधडते असं मुलगा म्हणाला तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.